ऐकायला शिकवताना : मुलांच्या श्रद्धाशिक्षणाची प्रस्तावना

सिकंदराबादला इथली जुनी माणसे अजूनही लष्कर म्हणतात. आषाढात लष्करच्या बोनालू सणाचा रविवार उलटला, की दुसऱ्या दिवशी सकाळी उज्जैनी महांकाळीच्या देवळात रंगम होते. एक अविवाहित स्त्री कच्च्या मडक्यावर उभी राहते, तिच्या अंगात देवीचा संचार झाला असे भाविक मानतात, आणि तिला येत्या वर्षाबद्दल विचारले जाते : पाऊस कसा होईल, रोगराई येईल का, आमच्या सेवेत काही उणे राहिले का. त्या गर्दीत वडिलांच्या खांद्यावर बसलेली मुलेही असतात. उत्तरांतले फारसे काही त्यांना कळत नाही. एक गोष्ट मात्र त्यांच्या डोळ्यांसमोर घडते. एरवी आपल्याला आज्ञा करणारी घरातली कर्ती माणसे इथे हात जोडून दुसऱ्या कोणाला तरी विचारत आहेत. आपल्या बाबांच्याही वर कोणी आहे आणि त्याला विचारता येते, हे त्या मुलाला कोणीही न सांगता कळते.

हे देऊळही एका नवसातूनच उभे राहिले. १८१३ साली या भागात पटकीची साथ आली, तेव्हा फौजेत नोकरीला असलेले सुरीटी अप्पय्या आपल्या पलटणीबरोबर उज्जैनला होते. गावावरचे संकट टळले तर तुझी मूर्ती तिथे स्थापन करीन, असे ते महांकाळीला बोलले, आणि परतल्यावर १८१५ मध्ये त्यांनी ते केले. विचारणे, ऐकणे आणि जे ऐकले त्याप्रमाणे वागणे या तीन पायऱ्या जवळपास प्रत्येक धर्मात सापडतात. त्या मुलांना कशा शिकवाव्यात, आणि शिकवताना काय टाळावे, हा या अभ्यासक्षेत्राचा विषय आहे.

या क्षेत्रात येणारे बहुतेक जण अभ्यासक म्हणून येत नाहीत. कोणी आई असते. पाच वर्षांच्या मुलीने ‘देव झोपतो का’ असे विचारल्यावर ती गोंधळलेली असते. कोणी रविवारी संडे स्कूल घेणारी शिक्षिका असते, कोणी सोसायटीच्या गच्चीवर बालसंस्कार वर्ग चालवणारे निवृत्त गृहस्थ असतात, कोणी मानसशास्त्राचा विद्यार्थी असतो. या सगळ्यांचे इथे मनापासून स्वागत आहे. ज्यांचा स्वतःचा विश्वास डळमळीत आहे त्यांचेही आहे, कारण मुलांना शिकवायला बसल्यावर मोठ्यांची स्वतःची श्रद्धाही तपासली जाते, आणि ते चांगलेच आहे.

आपल्या शहरापासून सुरुवात करू, कारण या विषयासाठी ते फार समृद्ध आहे. सिकंदराबाद-हैदराबादमधल्या मुलाला श्रद्धेची एकच रीत दिसत नाही. शेजारच्या मुस्लिम घरात मूल चार वर्षे, चार महिने, चार दिवसांचे झाले की बिस्मिल्लाह होते. नवे कपडे, मिठाई, आणि उस्तादांच्या मागोमाग म्हटलेले पहिले शब्द. १८५० सालच्या सेंट मेरीज चर्चमध्ये पहिल्या कम्युनियनची तयारी करणारी मुले प्रार्थना पाठ करतात. इथली मराठी घरे मुलाला अक्षर गिरवायला गोदावरीकाठी बासरला नेतात. सिकंदराबादहून मनमाडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच ते आहे. तिथे सरस्वतीसमोर मुलाचा हात धरून पहिले अक्षर काढले जाते. पारशी घरांत नवजोत होते, बौद्ध घरांत त्रिशरण-पंचशील शिकवले जाते. नीट पाहिले तर या सगळ्यांत एक साम्य आढळते. मुलाला आधी अर्थ सांगितला जात नाही. आधी त्याचा हात धरला जातो, त्याला मांडीवर घेतले जाते, सगळे घर त्याच्याभोवती जमते. अर्थ नंतर, पुष्कळ वर्षांनी, हळूहळू येतो.

मराठी माणसाला या शहरात एक खास वारसाही लाभला आहे. समर्थ रामदासांच्या काळात ज्या पाच सत्पुरुषांना मिळून रामदास-पंचायतन म्हटले गेले, त्यांतले केशवस्वामी भागानगरचे, म्हणजे या हैदराबादचे. त्यांनी मराठीबरोबर इथल्या दखनी-हिंदीतही पदे लिहिली. परमुलखात राहून आपल्या भाषेत देवाचे नाव घेणाऱ्या, आणि शेजाऱ्याच्या भाषेतही ते घ्यायला न कचरणाऱ्या माणसाचे उदाहरण इथल्या मराठी पालकांपुढे सतराव्या शतकापासून आहे. आज घरी मराठी, रस्त्यावर तेलुगू, रिक्षात दखनी आणि शाळेत इंग्रजी बोलणाऱ्या मुलाने प्रार्थना कोणत्या भाषेत करावी, या प्रश्नाने जे पालक अस्वस्थ होतात त्यांनी केशवस्वामींची आठवण ठेवावी.

समर्थांचा विषय निघाला म्हणून मनाच्या श्लोकांबद्दल थोडे बोलतो, कारण माझ्या मते मराठीतले श्रद्धाशिक्षणाचे ते सर्वांत चतुर पुस्तक आहे. ते २०५ श्लोक पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून पाठ करून घेतले गेले, पण त्यांत ‘मुला, असे वाग’ असे कुठेच नाही. सगळे बोलणे मनाशी आहे. ते म्हणणारे मूल नकळत स्वतःच्याच मनाला समजावत असते. आत एक मन आहे, ते भरकटते, आणि त्याच्याशी प्रेमाने बोलून त्याला वाटेवर आणता येते, ही कल्पना सहा-सात वर्षांच्या मुलाला याहून सोप्या रीतीने देता येईल असे मला वाटत नाही. देवाचे मार्गदर्शन ऐकायचे तर आधी आपल्या आत चाललेले बोलणे ऐकू यावे लागते. पाठांतराला घोकंपट्टी म्हणून हिणवणाऱ्यांनी हा भाग नीट पाहावा. मात्र पाठ न करणाऱ्या मुलाला जेवायला न वाढणाऱ्या घरांत या श्लोकांचा सगळा गुण वाया जातो, हेही तितकेच खरे.

संघटित वर्गांचा इतिहास त्यामानाने अलीकडचा. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहरात रॉबर्ट रेक्स यांनी १७८० मध्ये रविवारची शाळा सुरू केली. आठवड्याचे सहा दिवस राबणाऱ्या गरीब मुलांना रविवारी वाचायला शिकवणे हा तिचा पहिला हेतू होता, आणि धर्माचे शिक्षण त्या वाचनातूनच होई. आपल्याकडे अमेरिकन मराठी मिशनने १८७२ मध्ये ‘बालबोधमेवा’ हे मुलांचे मासिक काढले. रेव्हरंड नारायण वामन टिळक पुढे त्याच्याशी जोडले गेले. फुलामुलांचे कवी म्हणून मराठी वाचक ज्यांना ओळखतात त्या टिळकांचा १८९५ साली बाप्तिस्मा झाला, पण त्यांनी आपली मराठी आणि आपली संतपरंपरा टाकली नाही. ख्रिस्ताविषयी मुलांशी बोलताना विलायती चालींऐवजी अभंग-ओवीच्या चाली वापराव्यात, हा त्यांचा आग्रह पुढच्या मराठी ख्रिस्ती पिढ्यांना फार उपयोगी पडला.

स्वातंत्र्यानंतर हा विषय कायद्याच्या चौकटीत आला. राज्यघटनेच्या २८व्या अनुच्छेदाप्रमाणे सर्वस्वी सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेतही पालकांच्या संमतीशिवाय मुलाला त्यात भाग घ्यायला लावता येत नाही. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने एक महत्त्वाचा भेद दाखवून दिला : एखाद्या धर्माची शिकवण देणे वेगळे, आणि सर्व धर्मांविषयी माहिती देणे वेगळे. दुसरे काम शाळेने जरूर करावे, पहिले घराचे आणि उपासनास्थानाचे आहे. हा भेद नव्या अभ्यासकाने पहिल्याच दिवशी पक्का करून घ्यावा. पुढचे पुष्कळ वाद टळतील.

आता मानसशास्त्राकडे. रोनाल्ड गोल्डमन यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी इंग्लंडमधल्या मुलांना बायबलमधल्या जळत्या झुडपाच्या आणि तांबड्या समुद्राच्या गोष्टी सांगून त्यावर प्रश्न विचारले. लहान मुले रूपकाचा अक्षरशः अर्थ घेतात आणि तोच घट्ट धरून बसतात, असे त्यांना आढळले. अवघड कथा फार लवकर सांगू नयेत, असा त्यांचा सल्ला होता. अॅना-मारिया रिझूटो या मनोविश्लेषक बाईंनी १९७९ मध्ये दाखवले की मुलाच्या मनातल्या देवाच्या चित्राला रंग भरतात ते बहुधा त्याचे आई-वडील. ज्याला घरात सतत धाक आहे त्याचा देवही धाकाचाच होतो. रॉबर्ट कोल्स या बालमानसोपचारतज्ज्ञांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकासाठी ख्रिस्ती, ज्यू, मुस्लिम आणि कोणताच धर्म न मानणाऱ्या घरांतल्या मुलांशी वर्षानुवर्षे गप्पा मारल्या, त्यांच्याकडून देवाची चित्रे काढून घेतली. त्यांचे निरीक्षण गोल्डमन यांच्यापेक्षा वेगळे पडले. मुलांना सिद्धांत समजत नसतील, पण मरण, न्याय आणि एकटेपणा यांविषयी ती गंभीर विचार करतात, आणि तो विचार देवाशी जोडतात. मला कोल्स जास्त पटतात. गोल्डमन यांनी मुलांची उत्तरे तपासली, कोल्स यांनी मुलांचे प्रश्न ऐकले.

व्हर्न बेंगस्टन यांचा अभ्यास पालकांनी मुद्दाम माहीत करून घ्यावा. १९७० पासून सुमारे ३५ वर्षे त्यांनी अमेरिकेतल्या साडेतीनशेहून अधिक कुटुंबांचा पिढ्यान्‌पिढ्या माग ठेवला, आणि २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले. श्रद्धा पुढच्या पिढीत कशी जाते, याचे उत्तर शिकवणीच्या कडकपणात सापडले नाही. ते नात्याच्या उबेत सापडले, आणि त्यातही वडिलांशी असलेल्या जवळिकीत. आजी-आजोबांचा प्रभावही पूर्वी समजला जाई त्याहून मोठा निघाला. आपल्याकडे देवाधर्माचे सगळे काम आई आणि आजीवर सोडून वडील वर्तमानपत्र वाचत बसतात. त्यांनी हा निष्कर्ष स्वतःला लावून पाहावा.

साने गुरुजींना हे कोणत्याही अभ्यासाशिवाय ठाऊक होते. नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेल्या आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘श्यामची आई’ मधला तो प्रसंग सर्वांना आठवतो. अंघोळीनंतर ओल्या पायांना घाण लागेल म्हणून हट्ट धरणारा श्याम, आणि दगडावर लुगड्याचे ओचे पसरणारी आई. मग ती म्हणते की पायांना जसा जपतोस तसा मनालाही जप, देवाकडे शुद्ध बुद्धी माग. त्या प्रसंगातला क्रम फार मोलाचा आहे. ओचे आधी पसरले, शिकवण नंतर आली. हट्ट पुरवून घेतलेल्या मुलाच्या मनात त्या क्षणी जागा होती.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. देव मार्ग दाखवतो असे मुलाला सांगितले, तर त्याचा आवाज ओळखायचा कसा? बायबलमधली शमुवेलाची गोष्ट संडे स्कूलमध्ये दरवर्षी सांगितली जाते, पण बहुतेक वेळा अर्धीच. बाळ शमुवेल मंदिरात म्हाताऱ्या एली याजकाजवळ राहतो. रात्री त्याला हाक ऐकू येते, तो धावत एलीकडे जातो. एली म्हणतो, मी हाक मारली नाही, जाऊन नीज. तीनदा असे होते. तिसऱ्यांदा एलीच्या ध्यानात येते की मुलाला देव हाक मारतो आहे. तो त्याला फक्त एवढेच शिकवतो, की पुन्हा हाक आली तर म्हण, बोल, तुझा दास ऐकतो आहे. देव काय बोलेल हे एली सांगत नाही. वर्गात गोष्ट सहसा इथे संपते. सकाळी एली मुलाला जवळ बोलावतो आणि काही न लपवता सगळे सांगायला लावतो. निरोप एलीच्याच घराण्याविरुद्ध असतो. म्हातारा तो ऐकतो आणि मान तुकवतो. मुलाच्या तोंडून आपल्याविरुद्धचे सत्य ऐकून घेणारा हा शिक्षक मला या सगळ्या क्षेत्राचा आदर्श वाटतो.

आपल्या नामदेवांची कथा याच वाटेने जाते. वडील गावाला गेले असताना आईने नैवेद्य घेऊन पाठवलेला लहान नामा विठोबा जेवत नाही तोवर हलेना. देवाला अखेर जेवावे लागले, असे कथा सांगते. ही झाली बालपणीची श्रद्धा, सरळ आणि हट्टी. पुढे संतमेळ्यात गोरोबाकाकांनी थापटीने सगळ्यांची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले. दुखावलेले नामदेव औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले. विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडले होते. देव नसेल तिथे माझे पाय ठेव, असे ते म्हणाले, आणि नामदेवांना तशी जागा सापडेना. दोन्ही प्रसंग एकत्र सांगितले पाहिजेत. फक्त पहिला सांगितला तर मूल पंधराव्या वर्षी ती गोष्ट खोटी म्हणून टाकून देते. फक्त दुसरा सांगितला तर पाच वर्षांच्या मुलाच्या हाती काहीच लागत नाही. विसोबांकडून परतलेल्या नामदेवांचा विठोबा तोच राहिला, विटेपुरता मात्र उरला नाही.

तिसरे उदाहरण आपल्या सिकंदराबादचे. १३ फेब्रुवारी १८९३ रोजी इथल्या महबूब कॉलेजमध्ये स्वामी विवेकानंद आपल्या पश्चिमेकडच्या कार्याविषयी बोलले. शिकागोची परिषद अजून सात महिने दूर होती. पश्चिमेला जाण्याबद्दल जाहीर व्याख्यान देऊनही जावे की नाही, ही शंका त्यांच्या मनात उरली होती. चरित्रकार सांगतात की पुढे मद्रासला त्यांना स्वप्नात श्रीरामकृष्ण समुद्रावरून चालत जाताना आणि आपल्याला बोलावताना दिसले. तेवढ्यावर ते निघाले नाहीत. त्यांनी शारदादेवींना पत्र लिहून विचारले, त्यांचा आशीर्वाद आला, आणि मग ३१ मे रोजी ते मुंबईहून जहाजात बसले. आतून आलेली खूण त्यांनी विश्वासाच्या माणसापुढे ठेवली, पडताळली, आणि नंतर पाऊल उचलले.

देवाचे मार्गदर्शन पाळणे म्हणजे काय, हे मुलांना या तीन गोष्टींवरून शिकवता येते. मन शांत करून ऐकायचे. जे ऐकू आले ते विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगायचे. त्याने कोणाला इजा होते का, कोणावर अन्याय होतो का, हे पाहायचे. मग धीराने वागायचे. घरात आपण स्वतः असे वागताना मुलांना दिसलो, तर वेगळे धडे फार लागत नाहीत. नोकरी बदलावी की नाही, म्हाताऱ्या आजीला कुठे ठेवावे, अशा निर्णयाआधी आई-वडिलांनी पाच मिनिटे शांत बसून प्रार्थना केली आणि मुलाने ते पाहिले, तर ते त्याच्या मनात राहते.

दोन धोक्यांबद्दल मी स्पष्टच बोलणार आहे. पहिला, देवाचा बागुलबुवा करणे. ‘बाप्पा रागावेल’, ‘देव डोळे फोडेल’ ही वाक्ये आपल्या घरांत सहज उच्चारली जातात. दूध प्यायला लावण्यासाठी देवाला कामाला लावू नये. रिझूटोबाईंनी जे दाखवले ते आठवा : ते चित्र मुलाच्या मनात कायम राहते. दुसरा धोका फार गंभीर आहे. ‘देवाने मला सांगितले आहे’ असे म्हणून मुलाला मुकाट्याने ऐकायला लावणारी माणसे सर्व धर्मांत आहेत, आणि त्यांतली काही मुलांवर अत्याचार करतात. प्रत्येक मुलाला हे शिकवले गेलेच पाहिजे, की देव कोणत्याही मोठ्या माणसाशी गुपित ठेवायला सांगत नाही, आणि नको वाटणारा स्पर्श करणारा माणूस कितीही पूज्य असला तरी त्याच्याविषयी लगेच घरी सांगायचे. २०१२ चा पॉक्सो कायदा देवळातही लागू आहे, चर्चमध्येही, मदरशातही आणि मठातही. हा भाग वगळून दिलेले श्रद्धाशिक्षण मी शिक्षण मानत नाही.

उरला तो न पुऱ्या झालेल्या प्रार्थनेचा प्रश्न. आजी दवाखान्यात असते, नातू रोज प्रार्थना करतो, आणि आजी जाते. ‘देवाने माझे ऐकले का नाही?’ या प्रश्नाला घाईने उत्तर देणारा मोठा माणूस बहुधा स्वतःचे दुःख झाकत असतो. ‘देवाला आजी जास्त आवडली’ हे उत्तर तर देऊच नये. असा देव मुलाला चोर वाटू लागतो. मुलाजवळ बसावे, रडू आले तर त्याच्यासमोर रडावे, आणि मलाही हे कळत नाही असे सरळ सांगावे. बायबलमधला ईयोब, नचिकेता, ताटीबाहेर उभी राहून रुसलेल्या ज्ञानोबांची समजूत घालणारी मुक्ताई, हे सगळे अशाच प्रश्नांत उभे राहिले. आपल्या परंपरांनी प्रश्न विचारणाऱ्यांना बाहेर काढले नाही, त्यांच्या कथा जपल्या. मुलालाही तो मान मिळायला हवा.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकाला माझी एक विनंती आहे. कोल्स यांनी जसे मुलांचे बोलणे टिपले, तसे आपणही मराठीत टिपू या. तुमच्या घरातल्या, वर्गातल्या मुलांनी देवाविषयी विचारलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत, व्याकरण न सुधारता, तारीख आणि वय घालून वहीत लिहून ठेवा. मुलाचे नाव लिहू नका. इथल्या मुलांच्या प्रश्नांत तेलुगू आणि दखनी शब्द येतील, ते तसेच राहू द्या. नागपूर, नगर, पणजी, बेळगाव, बडोदा आणि सिकंदराबाद इथल्या अशा वह्या एकत्र आल्या, तर मराठी मुले देवाविषयी काय विचारतात हे मोठ्यांच्या अंदाजावर सोडावे लागणार नाही. आजपासून एक वही सुरू करा.